थोरल्याचे माप धाकट्याला नको

मा. संपादक,
स. न. वि. वि.

बालसंगोपनावर आपल्या पुरवणीत अधूनमधून लेख येतात. बहुतेक लेखांत घरात एकच मूल आहे असे धरून सल्ला दिलेला असतो. दीड-दोन वर्षांचे थोरले दुडदुडते आहे आणि पाळण्यात तान्हे आहे, अशी घरे मात्र पुष्कळ, आणि तिथे होणाऱ्या चुका निराळ्या असतात. या घरांतले आईवडील नवखे नसतात. ‘आता सगळे येते’ असा त्यांना भरवसा असतो, आणि घोळ तिथेच होतो. हाताला सवय असते ती थोरल्याच्या आजच्या वयाची. त्याच्या पहिल्या दोन महिन्यांत काय कसे केले, हे जवळजवळ पुसले गेलेले असते. मग एकाचे औषध, एकाचे पाणी, एकाची उशी, एकाच्या तापाचा आडाखा नकळत दुसऱ्याला लागू होतो.

औषधापासूनच सुरुवात करतो, कारण यातली चूक सर्वांत सहज होते. तापावरचे पॅरासिटामोल मुलाच्या वयावर नव्हे, वजनावर मोजतात: दर किलोला एका वेळी १० ते १५ मिलिग्रॅम, दोन मात्रांत किमान चार ते सहा तासांचे अंतर आणि २४ तासांत जास्तीत जास्त चार मात्रा. १२ किलोच्या थोरल्याला १५ च्या हिशेबाने १८० मिलिग्रॅम लागतात. हे १८० मिलिग्रॅम म्हणजे किती मिली, ते बाटलीवर अवलंबून असते. ५ मिलीत १२० मिलिग्रॅम असलेल्या सिरपचे ते साडेसात मिली होतात, ५ मिलीत २५० असलेल्याचे ३.६ मिली, आणि १ मिलीत १०० असलेल्या थेंबांचे फक्त १.८ मिली. तिन्ही बाटल्यांवर नाव तेच आणि अनेकदा चवही तीच. ‘मागच्या वेळी साडेसात दिले होते’ एवढेच लक्षात ठेवून थेंबांच्या औषधातून साडेसात मिली दिले, तर मुलाच्या पोटात ७५० मिलिग्रॅम, म्हणजे चौपटीहून अधिक औषध जाते. जादा पॅरासिटामोल यकृताला इजा करते आणि पहिल्या दिवशी तसे काही दिसतही नाही. म्हणून मात्रा मिलीत पाठ करू नये. बाटलीवर ‘दर मिलीत किती’ लिहिले आहे ते वाचावे आणि औषध चमच्याऐवजी सुई नसलेल्या सिरिंजने द्यावे. घरातला चमचा ५ मिलीचा असेलच असे नाही. सर्दी-पडशाच्या मिश्र औषधांतही पुष्कळदा पॅरासिटामोल असते, त्यामुळे दोन्ही दिली की मात्रा दुप्पट होते. चार वर्षांखालील मुलांना ही मिश्र औषधे तशीही देऊ नयेत.

ड जीवनसत्त्वाच्या थेंबांचेही तसेच. अंगावर पिणाऱ्या बाळाला रोज ४०० युनिट लागतात. काही बाटल्यांत १ मिलीत ४०० असतात, काहींत १ मिलीत ८०० आणि काहींत एका थेंबात ४००. जुन्या बाटलीचा ड्रॉपर नव्या बाटलीत गेला की हिशेब कोलमडतो. ड्रॉपरमुळे बाळांना जादा मात्रा जाऊ शकते, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१० मध्ये दिला होता. रिकाम्या बाटलीबरोबर तिचा ड्रॉपरही फेकून द्यावा.

बाळाला वरचे दूध द्यायचे असेल तर मोजचमच्याचीही हीच कथा. बऱ्याच डब्यांत एक सपाट चमचा ३० मिली पाण्याला असतो, काहींत ६० मिलीला. थोरल्याच्या डब्यातला चमचा बाळाच्या डब्यात पडला की दूध पातळ होईल किंवा घट्ट. पातळ दुधाने रक्तातले सोडियम उतरून आकडी येऊ शकते, घट्ट दुधाने ते चढून बाळ कोरडे पडते. पाणी आधी मोजून घ्यावे, पावडर मागाहून. ९० मिली पाण्यात तीन चमचे घातल्यावर बाटलीत १०० च्या आसपास दिसते आणि ते बरोबरच असते. उलट आधी पावडर टाकून वर ९० पर्यंत पाणी भरले की दूध घट्ट होते. चमचा दाबून भरू नये, सुरीच्या पाठीने सपाट करावा. पावडर निर्जंतुक नसते, म्हणून उकळलेले पाणी अर्ध्या तासाच्या आत, निदान ७० अंश सेल्सिअस असताना वापरावे आणि मग बंद बाटली थंड पाण्यात धरून दूध कोमट करावे. कोमट पाण्यात कालवले तर पावडरीतले जंतू मरत नाहीत. तयार दूध दोन तासांच्या आत संपवावे. मध्येच थोरल्याने ती बाटली तोंडाला लावली (लावतेच!) तर उरलेले दूध टाकून द्यावे आणि बाटली उकळावी.

थोरले पाणी पिते म्हणून बाळाला ‘दोन चमचे’ पाणी पाजू नये. सहा महिने पुरे होईपर्यंत आईचे किंवा डब्याचे दूध पुरते, उकाड्यातही. पाण्याने इवलेसे पोट भरते आणि दुधाची पाळी चुकते. मध वर्षाच्या आत अजिबात नाही. त्यातल्या बॉट्युलिनम जंतूंचे बीजाणू बाळाच्या आतड्यात रुजून विष तयार करतात, आणि मध गरम केल्याने ते बीजाणू मरत नाहीत. गाईचे दूध मुख्य दूध म्हणून वर्षाआधी नको. आणि इथे थोरल्याकडेही जरा पाहा. बाळाच्या धावपळीत त्याचे जेवण मागे पडते आणि दुधाची बाटली सोपी पडते. दिवसाला अर्ध्या लिटरच्या वर दूध जाऊ लागले की भूक मरते, दुधात लोह नगण्य असते आणि काही महिन्यांत मूल पांढुरके, किरकिरे दिसू लागते.

बाळाचे पोट भरते का, हे रडण्यावरून ठरवू नये. पाचव्या-सहाव्या दिवसापासून २४ तासांत सहा किंवा अधिक वेळा शू, काळपट शी जाऊन पिवळी शी, आणि दोन आठवड्यांच्या आत जन्मवजन परत गाठणे, एवढे पुरेसे आहे. पहिल्या काही दिवसांत वजन थोडे उतरतेच, पण १० टक्क्यांच्या पुढे उतरले तर डॉक्टरांना दाखवावे. शीचा रंग खडूसारखा पांढरा किंवा राखाडी दिसला तर एक दिवसही थांबू नये. पित्तनलिका बंद असण्याची ती खूण असू शकते आणि तिची शस्त्रक्रिया जन्मापासून ६० दिवसांच्या आत झाली तर अधिक यशस्वी होते. कावीळ ‘थोरल्यालाही झाली होती, आपोआप गेली’ म्हणून सोडू नये. पहिल्या २४ तासांत दिसलेली, मांड्या-पावलांपर्यंत उतरलेली किंवा दोन आठवड्यांनंतरही राहिलेली कावीळ तपासावीच लागते. खिडकीतले ऊन हा तिच्यावरचा उपचार नव्हे.

आता ताप. थोरल्याला १०१ फॅरनहाइट ताप असेल, पण ते पाणी पिते, खेळते आणि डोळ्याला डोळा देते, तर एक दिवस घरी वाट पाहता येते. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला १००.४, म्हणजे ३८ सेल्सिअस ताप भरला, तर घरी थांबणे नाही, मग रात्रीचे दोन का वाजलेले असेनात. या वयात रक्तातला किंवा मेंदूच्या आवरणाचा जंतुसंसर्ग बाहेरून ओळखू येत नाही. डॉक्टरांनी तपासण्याआधी तापाचे औषधही देऊ नये, त्याने खूण झाकली जाते. काखेतले नेहमीचे तापमान ९७.७ ते ९९.५ असते. त्याच्या किंचित वर गेले आणि बाळ तीन-चार कपड्यांत गुंडाळलेले असेल, तर एक थर काढून १५-२० मिनिटांनी पुन्हा मोजावे. तरीही वरच राहिले तर दाखवावे. आणि एक गोष्ट थोरल्याच्या बाबतीत कोणी पाहत नाही, ती तान्ह्याच्या बाबतीत पाहावीच: थंड पडणे. ऊब देऊनही तापमान ९७.७ च्या खाली राहते, बाळ सुस्त आहे आणि चोखत नाही, तर तोही तापाइतकाच गंभीर आजार. अंग गरम की गार ते हातापायांवरून पाहू नये, छातीवर किंवा मानेमागे हात ठेवून पाहावे.

श्वास मोजण्यातही दोघांचे आकडे वेगळे. बाळाला सर्दी लागते ती बहुधा थोरल्याकडूनच, म्हणून हे आकडे कपाटाच्या दाराआड लिहून ठेवावेत. दोन महिन्यांपर्यंत मिनिटाला ६० किंवा अधिक, दोन ते बारा महिन्यांत ५० किंवा अधिक, एक ते पाच वर्षांत ४० किंवा अधिक श्वास म्हणजे ‘जलद’. म्हणजे मिनिटाला ४५ श्वास तान्ह्याला साजतात, पण तेच थोरल्याला असतील तर न्यूमोनियाची शंका घ्यायची. बाळ शांत असताना, पोटाच्या हालचालीवरून, घड्याळ लावून पुरे एक मिनिट मोजावे. १५ सेकंद मोजून चारने गुणू नये. तान्ह्याचा श्वास मध्येच पाच-दहा सेकंद थांबतो आणि मग भराभर येतो, त्यामुळे गुणाकार फसतो. ६० च्या वर आले तर पुन्हा एकदा मोजावे. श्वास घेताना बरगड्यांखाली खळगा पडणे, कण्हणे, ओठ निळसर होणे किंवा नेहमीच्या निम्म्याहून कमी दूध पिणे यांतले काही दिसले, तर आकडा कितीही असो, निघावे. नुसते नाक चोंदले असेल तर पाजण्याआधी दोन्ही नाकपुड्यांत सलाईनचे एक-दोन थेंब पुरतात. झणझणीत वासाचे मलम छातीला किंवा नाकाजवळ लावू नये.

थोरल्याला सर्दी असताना बाळापासून पूर्ण लांब ठेवणे घरात जमत नाही, आणि तसे केले तर ते चिडून अधिकच जवळ येते. पापा घ्यायचा तर बाळाच्या तोंडाचा नाही, पावलांचा, ही सवय पहिल्या दिवसापासून लावली की निम्मे काम होते. बाहेरून आल्यावर साबणाने २० सेकंद हात धुवायचे, हे थोरल्याला काम म्हणून आवडते. ओठावर ताप उठलेल्या मोठ्या माणसाने मात्र बाळाच्या तोंडाजवळ जाऊच नये. त्या फोडातला विषाणू नवजाताच्या जिवावर बेततो. डांग्या खोकल्याची लस थोरल्याची वेळेवर झाली आहे का, हेही आधीच तपासावे, कारण बाळाला पहिली मात्रा मिळेपर्यंत काही आठवडे जातात.

झोपेचे सांगावे तेवढे थोडे. बाळ उताणे, स्वतंत्र, टणक आणि सपाट गादीवर, आणि आईवडिलांच्याच खोलीत. उशी नाही, रजई नाही, मऊ खेळणे नाही. उताणे झोपवण्याच्या मोहिमा ब्रिटनमध्ये १९९१ ला आणि अमेरिकेत १९९४ ला सुरू झाल्या, आणि त्यानंतर झोपेतल्या अचानक मृत्यूंचे प्रमाण निम्म्याहून खाली आले. दोन मुलांच्या घरी इथे वेगळे संकट असते: थोरले मायेने आपली उशी, पांघरूण, अस्वल बाळाजवळ आणून ठेवते. त्याला न रागावता ते ठेवायला पाळण्याबाहेर जागा द्यावी, उदाहरणार्थ पायथ्याच्या स्टुलावर. थोरले आणि बाळ एका अंथरुणावर झोपवू नयेत. झोपेतल्या मुलाचा नुसता हात नाकावर पडला तरी बाळाला तो बाजूला सारता येत नाही. रात्री पाजताना डोळा लागेल असे वाटत असेल तर सोफ्यावर बसू नये. सोफ्याच्या पाठीत आणि गादीत बाळ रुतून गुदमरते. त्यापेक्षा उशा-पांघरुणे बाजूला काढलेला पलंग कमी धोक्याचा, आणि जाग येताच बाळ त्याच्या जागी ठेवावे. दुपट्यात गुंडाळताना पाय आत बेडकासारखे मोकळे हलले पाहिजेत, ताणून सरळ बांधले तर खुब्याचा सांधा बिघडतो. बाळ कुशीवर वळायची खटपट करू लागले, साधारण तिसऱ्या-चौथ्या महिन्यात, की गुंडाळणे बंद.

दिवसातून ८ ते १२ वेळा पाजायचे आणि एका वेळी अर्धा तास धरला, तर आई चार ते सहा तास एका जागी अडकलेली असते. थोरल्याचे बहुतेक उपद्‍व्याप याच तासांत होतात, तेव्हा बंदोबस्तही याच तासांचा करावा. पाजायला बसण्याआधी थोरल्याला शूला नेऊन आणावे, खोलीचे दार आतून लोटावे, पाणी आणि खाऊ हाताशी ठेवावा. एक पेटी अशी असावी की जी पाजतानाच उघडते, एरवी नाही. त्यात दोन-तीनच वस्तू, आठवड्याला बदलणाऱ्या. ती दिवसभर उघडी राहिली की तिची जादू संपते. आई खाली गादीवर भिंतीला टेकून बसली तर थोरल्याला कुशीत दुसऱ्या बाजूला जागा मिळते, आणि ते खुर्चीवर चढून खाली पडण्याचा प्रश्नही मिटतो. थोरलेही अजून अंगावर पीत असेल तर आधी तान्हे, मग थोरले, विशेषतः पहिल्या काही दिवसांत, कारण चीक थोडाच असतो. बाटली उशीला टेकवून बाळाच्या तोंडात सोडून थोरल्यामागे धावू नये. दूध श्वासनलिकेत जाते.

बाळ येण्याच्या तोंडावर थोरल्याचा पाळणा काढून घेणे, त्याची शी-शूची सवय सुरू करणे, ही कामे तेव्हा नकोत. दोन महिने आधी उरकावीत किंवा मग तीन-चार महिन्यांनी. सवय झालेले मूल पुन्हा चड्डी ओली करू लागते, बाटली मागते, बोबडे बोलते. ते चालू द्यावे, काही आठवड्यांत जाते. ‘बाळ रडतेय, थांब’ असे दिवसातून वीसदा ऐकले की वैरी कोण ते थोरल्याला कळते. त्याऐवजी ‘माझे हात गुंतलेत, ही बाजू झाली की आले’ म्हणावे. आणि कधी कधी, बाळ निवांत असताना, थोरल्याला ऐकू जाईल असे बाळाला सांगावे: ‘थांब हं, आता ताईची पाळी.’ बाळाचे काही बिघडत नाही. रोज दहा-पंधरा मिनिटे एका पालकाने फक्त थोरल्याजवळ बसावे, हातात फोन न घेता. मारले तर हात धरून थांबवावे, तोच हात बाळाच्या पावलावर हळू फिरवून दाखवावा. ‘तू आता मोठा ना?’ हे मात्र म्हणू नये. दोन वर्षांचा जीव तो.

दोघांना एका खोलीत एकटे सोडणे एका मिनिटासाठीही नको. दुष्टावा म्हणून नव्हे, माया म्हणूनच थोरले बाळाला उचलते आणि आपल्या तोंडातला घास त्याला भरवते. कुंपणाचा पाळणा असेल तर त्यात थोरल्याला कोंडू नये, बाळाला ठेवावे. सुमारे ३२ मिलिमीटर व्यासाच्या नळीतून जी वस्तू आत जाईल ती घशात अडकू शकते, या मापाने थोरल्याची खेळणी दोन डब्यांत वेगळी करावीत आणि लहान वस्तूंचा डबा टेबलावरच उघडावा. बटणासारखी चपटी बॅटरी रिमोटमध्ये, गाणाऱ्या खेळण्यात, अगदी थर्मामीटरमध्येही असते. ती अन्ननलिकेत अडकली तर दोन तासांत भाजून भोक पाडू शकते. गिळल्याची नुसती शंका आली तरी उलटी न करवता थेट रुग्णालय गाठावे. दोन लोहचुंबक गिळले तर आतड्याची दोन वळणे त्यांच्यामध्ये चिमटतात, तेही तितकेच तातडीचे. आजी-आजोबांच्या मधुमेहाच्या, रक्तदाबाच्या गोळ्या उशाखाली नकोत. त्यांतल्या काहींची एकच गोळी थोरल्याला पुरे होते.

घशात काही अडकले आणि मूल खोकूही शकत नसेल, तर इथेही दोघांची कृती वेगळी. वर्षाखालील बाळाला हातावर पालथे, डोके छातीपेक्षा खाली धरून, खांद्यांच्या मधोमध तळव्याने पाच थापा. मग उताणे करून छातीच्या हाडावर, स्तनाग्रांच्या रेषेच्या किंचित खाली, दोन बोटांनी पाच दाब. पोट कधीही दाबू नये, यकृताला इजा होते. वर्षावरील मुलाला पुढे वाकवून पाठीवर पाच थापा, मग मागून बेंबीच्या वर मूठ ठेवून आत आणि वर पाच हिसके. वस्तू निघेपर्यंत आळीपाळीने चालू ठेवावे आणि दुसऱ्या कोणाला तरी मदतीसाठी फोन करायला लावावा. तोंडात बोट घालून चाचपू नये, अडकलेले आणखी आत जाते. द्राक्षासारखे गोल फळ थोरल्याला उभे चार तुकडे करून द्यावे, शेंगदाण्यासारखे अख्खे टणक दाणे चार वर्षांपर्यंत नकोतच.

आंघोळ दोघांना एकत्र घालू नये, निदान बाळ आधाराशिवाय बसेपर्यंत. थंड पाणी आधी ओतावे, गरम नंतर, आणि पाणी कोपराने पाहावे. आंघोळ झाली की बादली त्याच क्षणी उपडी. थोरले डोक्याच्या भाराने आत पडते आणि त्याला स्वतःला बाहेर येता येत नाही, पाणी वीतभर का असेना.

बाळाचे रडणे सहाव्या आठवड्याच्या सुमारास सर्वांत वाढते, त्यातच थोरल्याचा हट्ट, आणि झोप तुटलेली. सहन होईना तर बाळाला पाळण्यात उताणे ठेवून, थोरल्याला बरोबर घेऊन, दुसऱ्या खोलीत दहा मिनिटे जावे. रडल्याने बाळाला इजा होत नाही, पण रागाच्या भरात एकदा गदागदा हलवल्याने मेंदूत रक्तस्राव होतो. आईचे रडू, धास्ती, कशातच मन न लागणे दोन आठवड्यांपुढे टिकले तर ते ‘थकवा’ म्हणून झाकू नये. ‘पहिल्या वेळी तर काही झाले नव्हते’ हे कारण इथेही चालत नाही.

आपल्या पुरवणीत पुढे अशी माहिती छापताना तान्ह्याची आणि थोरल्याची अशा दोन चौकटी शेजारी-शेजारी द्याव्यात, ही विनंती: ताप, श्वास, औषध, दूध, झोप, घशात अडकणे, एवढ्या सहा ओळी. औषधाच्या ओळीत वजन आणि ते मोजल्याची तारीख लिहायला जागा कोरी सोडावी. बाळाचे वजन पाच महिन्यांच्या सुमारास जन्माच्या दुप्पट होते, त्यामुळे जन्माच्या वजनावर काढलेली मात्रा तोवर निम्मी पडलेली असते.

आपल्या विश्वासू,
बालविभागात काम करणाऱ्या परिचारिका